व्हेटर्नरी करता करता एमपीएच: गोव्यातून ते कसं जमतं आणि कुठे अडतं

बी.व्ही.एस्सी.ला (व्हेटर्नरीच्या पदवीला) असतानाच सोबत एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स पदवी, उरकता येईल का, असं गोव्यातली मुलं हल्ली बरेचदा विचारतात. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या वेबसाइटवर 'डीव्हीएम-एमपीएच' अशी जोडपदवी दिसते (डीव्हीएम म्हणजे तिकडची व्हेटर्नरीची पदवी), आणि आपल्याकडेही कुठेतरी तशी सोय असणार असं वाटतं. तशी सोय आपल्याकडे नाही. मात्र व्हेटर्नरीच्या साडेपाच वर्षांत काय करून ठेवायचं हे ठाऊक असेल, तर नंतरची दोन वर्षं निम्म्या त्रासात निघतात. हा लेख त्या तयारीबद्दल आहे, आणि त्यातही सगळ्यात जास्त प्रबंधाबद्दल, कारण पशुवैद्यकाची गाडी हमखास तिथेच रुतते.

अमेरिकेत जमतं ते आपल्याकडे का जमत नाही, हे आधी सांगतो. तिकडे पशुवैद्यकाचं शिक्षण साधारणपणे पदवीनंतर सुरू होतं. डीव्हीएमच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला बसणाऱ्या मुलाकडे बहुधा एक बॅचलर पदवी आधीच असते, त्यामुळे मास्टर्ससाठी तो पहिल्या दिवसापासून पात्र असतो. आपला बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. बारावीनंतर लगेच सुरू होतो, आणि वर्षभराची इंटर्नशिप संपेपर्यंत हातात पदवी नसते. एमपीएचला पदवी लागतेच. यूजीसीने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला परवानगी दिली, तिचा आधार बरेच जण घेतात. पण ती परवानगी मुळात पात्र असलेल्यांसाठी आहे. पात्रता नसेल तर दोन काय, एकही प्रवेश मिळत नाही. त्यात व्हेटर्नरी कौन्सिलची हजेरीची अट असते, आणि गोव्याची मुलं शिकायला परळला, शिरवळला नाहीतर आणखी कुठल्या राज्यात होस्टेलवर असतात.

तरीही अमेरिकन पद्धतीतली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. तिथल्या मान्यता देणाऱ्या संस्थेच्या, म्हणजे सीईपीएचच्या, नियमानुसार एमपीएच किमान ४२ क्रेडिटचं असावं लागतं. जोडपदवीत डीव्हीएमचे काही क्रेडिट त्यात धरले जातात, आणि उरलेले विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुट्टीत, ऑनलाइन किंवा एक जादा वर्ष घालून पूर्ण करतात. शिवाय प्रत्येकाला प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी केलेली किमान दोन कामं सादर करावी लागतात. ती त्या संस्थेला उपयोगी पडतील अशी हवीत: एखादा अहवाल, प्रशिक्षणाचं साहित्य, माहितीचं विश्लेषण. आपल्याकडे हे कोणी सांगत नाही, पण इंटर्नशिप संपताना अशी दोन कामं फायलीत असलेला उमेदवार मुलाखतीत लगेच वेगळा दिसतो.

आता वाटा कुठल्या, ते पाहू. पहिली वाट पदवीनंतर सरळ पूर्णवेळ एमपीएच करण्याची. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेतल्या अच्युत मेनन केंद्रात हा अभ्यासक्रम १९९७ पासून चालतो. मुंबईला टिस (टाटा समाजविज्ञान संस्था), पुण्याला सावित्रीबाई फुले विद्यापीठ, आणि कोकण रेल्वेने जवळ म्हणून मणिपाल. प्रवेशाची जाहिरात वाचताना पात्रतेचा परिच्छेद अक्षरन् अक्षर वाचा. कुठे पशुवैद्यक असा स्पष्ट उल्लेख असतो, कुठे 'आरोग्यशास्त्राशी संबंधित पदवी' एवढंच म्हटलेलं असतं. अशा ठिकाणी अर्ज करण्याआधी ई-मेलने विचारून लेखी उत्तर घ्यावं. फोनवरचं 'हो, चालेल' कागदपत्रं तपासताना कामाला येत नाही.

दुसरी वाट एम.व्ही.एस्सी.ची, म्हणजे व्हेटर्नरीतल्याच मास्टर्सची, व्हेटर्नरी पब्लिक हेल्थ या विषयात. व्हेटर्नरी कॉलेजात शिकवायचं असेल तर हीच वाट धरावी लागते. नुसत्या एमपीएचवर तिथे असिस्टंट प्रोफेसर होता येत नाही. हे उशिरा कळलं की दोन वर्षं आणि फी दोन्ही अंगावर येतात.

तिसरी वाट नोकरी सांभाळून करण्याची, आणि गोव्यात बहुतेकांच्या मनात हीच असते: आधी लोकसेवा आयोगातून पशुवैद्यकीय अधिकारी व्हायचं, मग पुढचं बघू. वाट चांगली आहे, फक्त रजेचं गणित आधी मांडा. केंद्रीय रजा नियमांनुसार अभ्यासरजा साधारण पाच वर्षं सेवा झाल्यावर मिळते, एका वेळी सहसा १२ महिने, आणि सगळ्या नोकरीत मिळून २४ महिने. म्हणजे दोन वर्षांच्या एमपीएचमध्ये आयुष्यभराची अभ्यासरजा संपते, आणि नंतर एम.व्ही.एस्सी. करावंसं वाटलं तर रजा उरलेली नसते. परत आल्यावर ठरावीक काळ नोकरी करण्याचा बाँडही असतो. रजा नको असेल तर लंडन स्कूल ऑफ हायजीनचे दूरस्थ अभ्यासक्रम आहेत, पण खर्च पाहता शिष्यवृत्तीशिवाय त्यांचा विचार करू नये. परदेशी शिक्षणासाठी गोवा सरकारची मनोहर पर्रीकर स्कॉलर्स योजना आहे. तिच्या अटी दर वर्षी नव्याने वाचाव्यात.

माझं मत विचाराल तर ज्याला जनावरांच्या दवाखान्यात रस आहे त्याने आधी नोकरी करावी, एमपीएच नंतर. ज्याला साथरोगांचा माग काढायला आवडतं, आकड्यांशी ज्याचं वैर नाही, त्याने थेट पहिली वाट धरावी. दोन्ही अर्धवट आवडणाऱ्याने निदान एक वर्ष थांबावं.

व्हेटर्नरीच्या वर्षांत काय करायचं? पब्लिक हेल्थ अँड एपिडेमिऑलॉजी हा विषय पास होण्यापुरता वाचायची प्रथा आहे, ती मोडा. मांस आणि दूध तपासणीचा भाग पाठ असतो, एपिडेमिऑलॉजी, म्हणजे रोग कुणाला, कुठे, का होतो याचं शास्त्र, मात्र बहुतेकांनी ऑप्शनला टाकलेली असते, आणि एमपीएचच्या पहिल्या सहामाहीत नेमकं तेच उभं राहतं. ऑड्स रेशो आणि रिलेटिव्ह रिस्क यांतला फरक, टेस्टची सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी, आणि रोग दुर्मीळ असेल तर चांगल्या टेस्टचेही बरेच पॉझिटिव्ह खोटे का निघतात, एवढं तरी हातात पेन घेऊन सोडवता आलं पाहिजे. सॉफ्टवेअरमध्ये सीडीसीचं एपि इन्फो फुकट आहे आणि सुरुवातीला पुरेसं आहे. आर ही आकडेवारीची संगणकभाषा शिकायला वेळ लागतो, पण इंटर्नशिपच्या आधीच्या सुट्टीत धरलं तर एमपीएचला जाईपर्यंत हात बसतो. नकाशांसाठी क्यूजीआयएस. एक्सेलमध्ये एका जनावराची एक ओळ आणि एका रकान्यात एकच गोष्ट ही शिस्त आत्ताच लावा. '४ वर्षे, जर्सी, गाभण' असं एकाच खान्यात लिहिलेली शीट नंतर साफ करण्यात आठवडे जातात.

आता प्रबंध. पशुवैद्यकाकडे इथे एक मोठी जमेची बाजू असते. वर्गातल्या डेंटिस्टला गायीचं रक्त काढता येत नाही, तुम्हाला येतं. गोवा तर या बाबतीत सोन्याची खाण आहे, पण प्रत्येक विषयाला आपापला हंगाम असतो, आणि तो हंगाम तुमच्या सहामाहीशी जुळेलच असं नाही.

माकडताप घ्या. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज १९५७ मध्ये शिमोग्याकडे ओळखला गेला, आणि गोव्यात सत्तरीतल्या पाली गावात २०१५ मध्ये आढळला. गोचिडीतून पसरणारा हा ताप साधारण डिसेंबर ते मे या काळात डोकं वर काढतो. माणसं काजूचे बोंडू गोळा करायला आणि पातेऱ्यासाठी रानात जातात ती याच दिवसांत. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात प्रबंध शेवटच्या सहामाहीत असेल तर हंगाम बरोबर जुळतो. पण विषय निवडताना मर्यादा ओळखा. मेलेलं माकड दिसलं म्हणून नमुना घ्यायला जाणं विद्यार्थ्याचं काम नाही. विषाणू वेगळा करायला उच्च सुरक्षेची प्रयोगशाळा लागते. लोक रानात जाताना काय लावतात, गुरं चरून आली की गोचिडी कोण आणि कशी काढतं, माकड मेल्याची खबर गावातून वनखात्यापर्यंत किती दिवसांनी पोचते, हे प्रश्न विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहेत, आणि उपयोगाचेही.

लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदीर-गुरांच्या लघवीतून पसरणारा ताप) पावसाळ्यातला. तुमचं प्रबंधाचं सत्र जानेवारीत सुरू होत असेल तर लेप्टोवरचं शेतातलं काम त्यात बसत नाही. हाच विषय हवा असेल तर पहिल्या वर्षीच मे महिन्यापर्यंत परवानग्या हातात पाहिजेत. रेबीजमध्ये गोव्याने मोठं काम केलं आहे. २०२१ मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं, आणि कुत्र्यांच्या सामूहिक लसीकरणाच्या नोंदी मोबाइल ॲपवर, ठिकाणासकट ठेवल्या गेल्या. इथे नवा नमुना न घेता आहे त्याच माहितीचं विश्लेषण करता येतं. पण ती माहिती दुसऱ्याची असते, म्हणून लेखी करार आधी, आणि प्रबंधाचं शीर्षक त्यानंतर.

उसगावचं मीट कॉम्प्लेक्स बघून बऱ्याच जणांना वाटतं की एका जागी बसून शेकडो जनावरं तपासता येतील. पण तिथलं बरंच जनावर परराज्यातून येतं. सापडलेल्या हायडॅटिड गाठींचं (फीतकृमीमुळे होणाऱ्या गाठींचं) प्रमाण 'गोव्यातलं प्रमाण' म्हणून लिहिलं की परीक्षक पहिलाच प्रश्न विचारतो, आणि त्याला उत्तर नसतं. शिवाय कायद्यामुळे किंवा वाहतुकीमुळे पुरवठा थांबला की तुमचं कामही थांबतं.

एक उदाहरण जरा बारकाईने बघू: गोव्यातल्या दुभत्या गायींत ब्रुसेलोसिस (गाय गाभडवणारा आणि माणसालाही होणारा जिवाणूंचा रोग), आणि पशुपालकांच्या धोक्याच्या सवयी.

आधी नमुन्यांची संख्या. समजा, अंदाजे १० टक्के गायी पॉझिटिव्ह असतील आणि तुम्हाला ५ टक्के अलीकडे-पलीकडे चालणार आहे. १.९६ (९५ टक्के खात्रीसाठीचा ठरलेला आकडा) चा वर्ग, म्हणजे ३.८४, गुणिले ०.१० गुणिले ०.९०, भागिले ०.०५ चा वर्ग. उत्तर १३८.२४, म्हणजे १३९. बरेच प्रबंध इथेच थांबतात, आणि चूक इथेच होते. एका गोठ्यातल्या गायी एकमेकींसारख्या असतात, एकीला असेल तर शेजारणीला असण्याची शक्यता जास्त. म्हणून डिझाइन इफेक्ट धरायचा, म्हणजे संख्या तेवढ्या पटीने वाढवायची. २ धरला तर २७७. काही घरं नाही म्हणणार, काही नमुने खराब होणार, त्यासाठी १० टक्के गळती धरून (२७७ भागिले ०.९०) ३०८. गोव्यात बरेच गोठे लहान असतात. घरटी दोन गायी धरल्या तर १५४ घरं. दिवसाला आठ घरांपेक्षा जास्त होत नाहीत, कारण दूध काढून झाल्यावर आणि गुरं चरायला सोडायच्या आधी पोचावं लागतं. म्हणजे निव्वळ फिरायचे २० दिवस. आणि जर अंदाज १० ऐवजी ४ टक्क्यांचा असेल तर ५ टक्क्यांची मोकळीक निरर्थक ठरते, कारण खालची मर्यादा शून्याच्याही खाली जाते. तिथे २ टक्के धरावे लागतात, आणि डिझाइन इफेक्टच्या आधीच संख्या ३६९ वर जाते. हे गणित गाइडकडे जाण्यापूर्वी स्वतः करून जा.

रक्त ५ मिली, साध्या किंवा क्लॉट ॲक्टिव्हेटरच्या ट्यूबमध्ये. ट्यूब लगेच बर्फात खुपसू नये, आधी सावलीत तिरकी ठेवून गुठळी होऊ द्यावी. न गोठलेलं रक्त बर्फात ठेवून सांग्याच्या घाटवळणांवरून आणलं की लाल पेशी फुटतात, सीरम लालभडक होतं, आणि टेस्ट वाचता येत नाही. सीरम त्याच दिवशी वेगळं करून दोन छोट्या ट्यूबमध्ये भरावं आणि उणे २० ला ठेवावं. दोन यासाठी की एक फ्रीझर बंद पडला किंवा निकालावर शंका आली तर दुसरी ट्यूब हाताशी असते. साध्या पेनाने लिहिलेलं लेबल बर्फाच्या पाण्यात धुऊन जातं, ट्यूबवर लिहायचा वेगळा मार्कर मिळतो तो वापरा.

ब्रुसेलोसिसची रोज बेंगाल टेस्ट वरवर सोपी वाटते. ३० मायक्रोलिटर सीरम, तेवढंच अँटिजेन, मिसळून प्लेट हलवत चार मिनिटांनी वाचायचं. पण फ्रिजमधून काढलेलं अँटिजेन आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं लागतं, आणि चारच्या जागी आठ मिनिटांनी पाहिलं, तर कडा सुकून गुठळ्यांसारख्या दिसतात आणि पॉझिटिव्हचा आकडा फुगतो. दर वेळी एक नक्की पॉझिटिव्ह आणि एक नक्की निगेटिव्ह सीरम सोबत लावा. पॉझिटिव्ह आलेली सीरम एलायझा या खात्रीच्या टेस्टसाठी पाठवायची. त्यासाठी बेंगळुरूच्या निवेदी या पशुरोगांवरच्या राष्ट्रीय संस्थेशी गाइडमार्फत आधीच बोलून ठेवलेलं बरं.

यात एक लपलेला खड्डा आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची एस-१९ लस देतात. लस घेतलेली गाय टेस्टमध्ये पॉझिटिव्ह दिसू शकते. म्हणून प्रत्येक गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर टिपायचा आणि लसीची नोंद तपासायची. नोंद नसेल तर 'माहीत नाही' असंच लिहायचं, 'नाही' नव्हे. गाय घरची की विकत आणलेली, आणि कुठल्या राज्यातून, हे विचारायला विसरू नका. गोव्यात बाहेरून आणलेल्या गायी भरपूर, आणि निकाल बहुधा याच रकान्यात दडलेला असतो.

प्रश्नावलीत तर पशुवैद्यक हमखास फसतो, कारण त्याला उत्तर आधीच माहीत असतं आणि तो तसंच विचारतो. 'तुम्ही हातमोजे वापरता का?' यावर डॉक्टरसमोर कोण नाही म्हणणार? त्याऐवजी विचारा: शेवटची गाय व्याली तेव्हा वार कोणी काढली? हातात काय होतं? नंतर हात कशाने धुतले? वार कुठे टाकली, पुरली की कुत्र्यांनी नेली? गेल्या दोन वर्षांत कुठली गाय गाभडली का, कितव्या महिन्यात? घडलेल्या गोष्टीबद्दल विचारलं की माणूस बरंचसं खरं सांगतो. प्रश्नावली कोंकणीत हवीच, मराठीतही हवी, आणि सासष्टीत जाणार असाल तर संमतिपत्र रोमी लिपीतही. भाषांतर झालं की ते दुसऱ्याकडून उलट इंग्रजीत करून घ्या, आणि दहाएक घरांत आधी वापरून पाहा. ती घरं मुख्य नमुन्यात धरायची नाहीत.

हे सगळं सुरू करण्याआधी परवानग्या. सर्वात मोठा गैरसमज असा: 'मी गायींवर अभ्यास करतोय, मला माणसांची एथिक्स कमिटी कशाला?' मालकाला प्रश्न विचारला त्या क्षणी तो माणसांवरचा अभ्यास झाला. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचना लागू होतात, आणि संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. जनावरांच्या बाजूने काय लागेल ते प्राण्यांच्या समितीला लेखी विचारा, स्वतःच ठरवू नका. त्याखेरीज पणजीला पाटोवर पशुसंवर्धन खात्याचं पत्र, आणि माणसांच्या आरोग्याची आकडेवारी हवी असेल तर आरोग्य संचालनालयाचं. कमिट्या महिन्या-दोन महिन्यांनी बसतात आणि पहिल्या बैठकीत बहुधा दुरुस्त्या सुचवतात, म्हणून तीन महिने गृहीत धरा. मंजुरीच्या तारखेआधी घेतलेला एकही नमुना प्रबंधात वापरता येत नाही, ती तारीख मागेपुढे करून मिळत नाही. पॉझिटिव्ह निघालेल्या गायीचं आणि तिच्या मालकाचं काय करणार, हे अर्जातच लिहा. मालकाला कुठल्या आरोग्य केंद्रात पाठवणार, तिथल्या डॉक्टरला कळवलंय का, हा प्रश्न कमिटी विचारतेच.

तारखांचा आणखी एक घोळ प्रवेशाच्या वेळी होतो. बहुतेक एमपीएच जुलै-ऑगस्टला सुरू होतात, काही जानेवारीला. इंटर्नशिप मध्येच काही दिवस चुकली तर ती पुढे वाढते, आणि पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र प्रवेशाच्या अखेरच्या तारखेनंतर हातात येतं. त्या वर्षीच अर्ज करायचा असेल तर इंटर्नशिपमधली रजा जपून वापरा, आणि कौन्सिलच्या कायम नोंदणीचा अर्ज पदवी मिळताच टाका. पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला पुढे नोकरीला आणि शिष्यवृत्तीला दोन्हीकडे लागतो. तो मामलेदार कचेरीतून काढून ठेवा, आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नका.

आणि फिरायला लागण्याआधी रेबीजचे डोस: पहिला, सातव्या दिवशी दुसरा, आणि २१व्या किंवा २८व्या दिवशी तिसरा. एस-१९ची लस देणाऱ्या पथकासोबत गेलात तर चष्मा आणि हातमोजे घाला. ती जिवंत लस आहे. सुई स्वतःला टोचली किंवा डोळ्यात थेंब उडाला तर धुऊन लगेच डॉक्टरकडे जा, आणि लसीचं नाव त्याला लिहून द्या. ताप आल्यावर नव्हे, त्याच दिवशी.